रिकाम्या जागी केनांगा

३ जून, सालातिगा
पोचले. डोंगराची गार हवा, खाली ऑफिस, वर माझी खोली, आणि मालकीणबाई बू सुमार्नींच्या हातचं गरम सोतो सूप. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, मग रिंता, चांगली गुबगुबीत होऊन ये. मालक पाक वासिस कमी बोलतात. आधी इथले सर्व्हर लावायचं हे काम त्यांची मुलगी केनांगा करायची. ती गेल्या वर्षी तापाने गेली.

५ जून
केनांगाने किती नेटकं काम केलंय. सर्व्हर लावायचा एकच साचा. ती त्याला ‘रोल’ म्हणायची. गिऱ्हाईक कोण, सांभाळणारं कोण, एवढ्याच जागा आपण भरायच्या. रिकामी सोडली तर ठरलेलं उत्तर आपोआप बसतं. सांभाळणारं कोण, याचं ठरलेलं उत्तर: केनांगा.

८ जून
तिथे माझं नाव घातलं. सकाळी पुन्हा तिचंच. पाक वासिसना विचारलं तर मान खाली घालून म्हणाले, राहू दे ना पोरी, तिची आई रोज खाली येऊन पडद्यावर ते नाव बघते. त्यांनीच बदललं असणार. मी जागा रिकामी सोडली. एका नावाने माझं काय जातंय?

११ जून
बू सुमार्नींनी जेवायला हाक मारली, केनांगा. चुकून आली असेल तोंडात. मी ओ दिली. बाई इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

१३ जून
दारावर सोयाबीनचं तेंपे विकायला येणाऱ्या बाईने विचारलं, केनांगा, ताप उतरला का गं? मला ताप नाही.
नव्हता. संध्याकाळपासून अंग कढत आहे.

१४ जून
सगळ्या सर्व्हरवर ‘रिंता’ भरलं. डोळ्यांदेखत एकेक पुसलं गेलं, त्या जागी — केनांगा, केनांगा. पाक वासिस मागे उभे. रडत होते. म्हणाले, त्या नावाला मी कधीच हात लावला नाही गं.

१५ जून
आईला फोन केला. म्हणाली, कोण रिंता? मला मूल झालंच नाही. मग थांबून — आवाज गोड आहे तुझा. घरी आई आहे ना तुला?

१६
ताप. बू सुमार्नी कपाळावर ओला रुमाल ठेवतात. म्हणतात, या वेळी नाही जाऊ देणार. सांगणार होते, मी तुमची नाही. तोंडून आलं — आई. किती मायेने जवळ घेतलं —
उठता आलं तर घरी जाईन. दारात उभी राहून माझ्या आईला सांगेन, बघ ना, मीच, तुझी