अण्णांची कंपनी, मधुकरचा आवाज

३ नोव्हें., सोम.
केतकीचा फोन. शशीशेठची मुलगी. शेठ जाऊन वर्ष झालं, आता बुधवार पेठेतलं दुकान रिकामं करायचंय. "मावशी, तुम्ही आमच्या कंपनीत पहिल्यापासून गायलात. मला सगळं लिहून काढायचंय. खरं काय ते सांगाल?" बघते म्हटलं. सगळं म्हणजे काय काय, हे तिला तरी कुठे माहीत.

५ नोव्हें.
तिला सांगण्याआधी इथे लिहून बघते.
शेठनी दुकानाच्या माळ्यावर कॅसेटची कंपनी काढली तेव्हा मी बावीसची. खडकीला फॅक्टरीत नुकतीच लागले होते. सुटली की बसने बुधवारात. भीमगीतं, लग्नाची गाणी. जोडीला मधुकर. तो गायला लागला की मी माझी ओळ विसरायचे. एकदा शेठ माइक बंद करून म्हणाले, "बाई, तुम्हाला ऐकायला नाही, गायला बोलावलंय."
कंपनी चालायची अण्णांच्या जोरावर, हे उशिरा कळलं. मटक्याचे अड्डे, बळकावलेल्या जमिनी, ते अण्णा. त्यांची माणसं दुकानादुकानांत आमच्याच कॅसेटी ठेवायला लावायची. एक दुकानदार नाही म्हणाला. त्याचं दुकान जळलं. शॉर्टसर्किट म्हणे.

६ नोव्हें.
काल पुढे लिहवेना.
अण्णांवर गाणं करायचं ठरलं. मधुकर शांतपणे म्हणाला, "ज्या तोंडाने भीमगीतं गातो, त्या तोंडाने हे नाही गाणार." दुसऱ्या दिवशी अण्णांची दोन माणसं तालमीला येऊन बसली. जाताना एकाने त्याची पेटी उचलून जिन्यावरून खाली सोडली. "पुण्यात परत दिसू नकोस."
आठवड्यात तो गेला. कुठे, कोणालाच माहीत नाही. शेठ म्हणाले, "तुमच्यासाठी काही निरोप नाही."
ते गाणं मग मी गायले. भीती होती, हे खरं. पण गायले. चांगलं गायले.

९ नोव्हें., रवि.
दुकानात गेले. माळ्यावर भिंतींना आवाज घुमू नये म्हणून लावलेलं तेच गोणपाट अजून. केतकीने जुनं स्पूलचं मशीन लावलं होतं. एका डब्यावर शेठचं अक्षर : 'मधुकर, एकटा. वापरायची नाही.' तारीख तो गेल्यानंतर तीन महिन्यांची.
म्हणजे तो परत आला होता.
केतकीने ती टेप लावली. आमचंच दोघांचं गाणं. स्वतःच्या ओळी गातो, माझ्या ओळी आल्या की थांबतो. तेवढ्यात नुसता तबला. शेवटी त्याचा आवाज, "शेठ, सुलभाला सांगितलं होतं ना? का आली नाही?" शेठ म्हणतात, "सांगितलं होतं."
मला कोणी सांगितलं नव्हतं.
केतकी दुसरीकडे बघत राहिली. परत लावायला गेली तर मशीनचा पट्टा तुटला.

१० नोव्हें.
ह्यांना जाऊन चार वर्षं झाली. संसार चांगला झाला, कुठे कमी पडलं नाही. तरी आज भाजी परतता परतता ते गाणं म्हणत होते. फक्त माझ्या ओळी. त्याच्या ओळींपाशी थांबत होते. किती वेळ, कोण जाणे. भाजी करपली.

१२ नोव्हें., बुध.
अण्णांच्या मुलाची माणसं शुक्रवारी सगळ्या टेपा न्यायला येणार. मुलगा आता बिल्डर, साहेब म्हणतात. वडिलांच्या नावाने कार्यक्रम करतोय, तिथे अण्णांवरचं ते गाणं. कंपनी कागदोपत्री अण्णांचीच होती, हे केतकीलाही आत्ताच कळलं.
तिला सगळं सांगितलं. मी गायले तेसुद्धा. ती लिहिता लिहिता थांबली. "बाबांचं नाव घालू?"
"तुझं तू ठरव."
निघताना म्हणाली, "मावशी, तो डबा तुम्ही न्या. मी काही बघितलं नाही."
मेथीच्या जुडीखाली घालून आणला. बसमध्ये पिशवी मांडीवर. इतकी वर्षं तो मला शोधत… नाही, असं लिहू नये.

१५ नोव्हें., शनि.
सकाळी साहेबांच्या ऑफिसातून फोन. फार नम्र माणूस. "मावशी, यादीपेक्षा एक टेप कमी आहे. चुकून आपल्याकडे आली असेल."
म्हटलं, "चुकून नाही आली."
मग, "उद्या अकराला येतो. आणि कार्यक्रमाला साहेबांना आपण स्टेजवर हव्या आहात."
"या. चहा मिळेल. टेप मिळणार नाही."
फोन ठेवल्यावर दाराची कडी दोनदा बघून आले. या वयात काय करणार आहेत माझं. असं म्हणते खरी.