गाठदोरीचा वारसा आणि वीतभर उंचीची अट

हाताने ढकलली की सरकते, पण माणसाचा सगळा भार आला की जागच्या जागी थांबते, अशी गाठ झाडावर चढणाऱ्याच्या दोरावर आपण पाहिली असेल. एवढ्या ओझ्याखाली ती घसरत कशी नाही, हे कोडे वारसांना उलगडून दिल्याशिवाय माझ्या मिळकतीची वाटणी पुरी होणार नाही. म्हणून मी, उंच झाडांच्या फांद्या उतरवण्याचा व्यवसाय करणारी, शाबूत बुद्धीने व कुणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवते. गुडघे शाबूत नाहीत. पण कायदा गुडघ्यांची चौकशी करीत नाही.

घर आमच्या ह्यांना. शिडीच्या दुसऱ्या पायरीवर त्यांनी जन्मात पाऊल ठेवले नाही, सबब माळा लेकीला.

मोठी करवत धाकट्या दिरांना. "उद्या आणून देतो, वहिनी," म्हणून नेल्यापासून ती त्यांच्याचकडे आहे. हस्तांतराचा खर्च वाचला.

व्यवसाय व चढाईचा दोर जावईबापूंना, परंतु सशर्त. दोरावर जिची गाठ मारायची ती गाठदोरी दोराहून बारीक व लवचीक असावी, म्हणजे भार येताच तिचे वेढे दोरात रुततात. अति बारीक असेल तर गाठ आवळून बसते. दोराइतकी जाड असेल तर नीट धरतच नाही. वेढे शेजारी-शेजारी बसावेत, एकमेकांच्या डोक्यावर नव्हे. आणि वरून सुळकन उतरू नये: घर्षणाने धागे वितळतात, वर काचेसारखा थर येतो, व त्यावरून भरवसाही घसरतो.

नेमकी अशीच दोरी जावईबापूंनी परवा कौतुकाने दाखवली.

"आई, चकाकी बघा! नवीकोरी वाटते की नाही?"

"अहो, ती भाजलेली कातडी आहे."

"तुम्ही पण ना! आजवर कुठे घसरलीय?"

लेकीला दिवस गेले आहेत. ती म्हणाली, "आई, तोंडी सांगून उपयोग नाही. ह्यांना स्टँपपेपरवरचंच पटतं."

सबब ती दोरी मी कापून कुंड्यांतल्या वेलांना बांधली आहे. वेल तिचे कायदेशीर वारस समजावेत. नवी दोरी माझ्या कपाटात आहे. ती खालील परीक्षेनंतरच मिळेल, आणि एवढे कलम मी जिवंत असतानाच लागू आहे.

लिहून देणार: सही.
साक्षीदार: शेजारचे औषधविक्रेते, चष्मा सापडल्यावर सही. निवृत्त मुख्याध्यापिका, शुद्धलेखन तपासून सही.
स्थळ: स्वयंपाकघरातले टेबल. दिनांक: छाटणीचा हंगाम सुरू होण्याच्या आदला रविवार.

परीक्षा, कुणीही करावी अशी: दोर भक्कम फांदीवरून सोडा. गाठ बांधा, हाताने सरकवून पाहा. मग पाय जमिनीपासून वीतभर उचला आणि सगळा भार गाठीवर टाका. थांबली, तर वर चढा. घसरली, तर वीतभरच पडाल, आणि संध्याकाळी जेवायला घरी याल.