चादर खोचताना

मंगळवार, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. तुम्ही सगळे मजेत असालच, वहिनीच्या फोटोंत दिसतंच आहे. आई बरी आहे. सतत पडून असली तरी पाठीला अजून एकही जखम होऊ दिलेली नाही. डाव्या हाताने लिहितेय, अक्षराला हसू नकोस.

"बोटाचं काय एवढं घेऊन बसलीस!" असं तू फोनवर म्हणालास, म्हणून सविस्तर लिहिते. आईची चादर गादीखाली खोचत होते. तिला एक सुरकुती खपत नाही. मधलं बोट अडकलं आणि त्याचं टोक खाली वळलं ते वळलंच. दुखलंही फारसं नाही. दुसऱ्या हाताने उचललं की सरळ, सोडलं की मान टाकायचं. मला वाटलं मुरगळलं असेल, दोन दिवस तेल चोळत बसले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "टोक उचलून दाखवा." उचलेना. एक्स-रेत हाड शाबूत होतं, पण टोक सरळ करणारी आतली दोरी, स्नायूची, तुटली होती. पट्टी बांधून त्यांनी बजावलं, "सहा आठवडे, आंघोळीतसुद्धा. एकदा जरी वाकलं, तर पुन्हा पहिल्यापासून."

म्हणून तुला म्हटलं, आईला तेवढे दिवस ने. तू म्हणालास, मुलांच्या परीक्षा होऊ देत. झाल्या. मग तुम्ही फिरायला गेलात.

पाचव्या आठवड्यात आई पलंगावरून घसरली. मी दोन्ही हातांनी धरलं. पट्टी निसटली, बोट वाकलं. आईला उशीला टेकवलं, तर ती काय म्हणाली माहितेय? "दादा असता तर मला घसरू दिलं नसतं." मी आधी हसले. मग स्वयंपाकघरात जाऊन खूप रडले.

पुन्हा पहिल्यापासून. दुकानात शर्टांची काजं करताना सुई ढकलणारं बोटच हे. शिंपीकाका म्हणाले, "पोरी, कापड थांबेल, गिऱ्हाईक थांबत नाही." माझ्या जागी दुसरी बसलीय.

मला तुझा राग आलाय, दादा. लिहिणार नव्हते.

हे पत्र आईला घेऊन येणाऱ्या नर्सबाईंच्या हाती देतेय. तू वाचत असशील तेव्हा आई खाली गाडीत असेल. तिला ताटकळत ठेवू नकोस. औषधं निळ्या पिशवीत आहेत. चादर तळहाताने खोच, बोटांनी नको. आणि वहिनीला सांगू नकोस, तूच खोच.

आई माझी आठवण काढेल की नाही, ठाऊक नाही. काढली तरी मला कळवू नकोस, निदान बोट जुळेपर्यंत. लगेच निघून येईन मी.

तुझी,
छोटी