खांबामागची खुर्ची

१९ तारीख, मंगळवार
दुपार, खिडकी उघडायला अजून तास आहे

प्रिय ताई,

शिरसाष्टांग नमस्कार. पूर्ण लिहिलाय बघ, 'सा. न.' लिहिलं की तू नाक मुरडतेस म्हणून. भाऊजींची पाठ कशी आहे? तुझ्या धाकटीचा दात पडला की अजून जीभ लावून हलवतेच आहे? माझं ठीक चाललंय. स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळतोय, आणि घरमालकाला पुन्हा ऐकू येत नाही.

थिएटरात सध्या एक विचित्र सिनेमा लागलाय. एका इमारतीतली पाच माणसं, पाचही एकटी. एकाची छत्री दुसऱ्याकडे जाते, दुसरीचं पत्र तिसऱ्याच्या पेटीत पडतं, पण कुणी कुणाशी बोलत नाही. शेवटी दिवे जातात आणि सगळे जिन्यात येऊन बसतात. मी तिकिटाच्या खिडकीत असते, त्यामुळे हे सगळं झाडूवाल्या मावशींकडून ऐकलेलं. त्या रोज नव्यानं रडतात.

दुपारच्या खेळाला जेमतेम सहा-सात माणसं येतात, तीही एकएकटी. आमची एक पद्धत आहे. दहापेक्षा कमी तिकिटं गेली तर सगळ्यांना सातव्या रांगेत बसवायचं, म्हणजे गुडघेदुखीच्या मावशींना एकच रांग झाडावी लागते. मालकाला पत्ता नाही. झालं असं की, जी माणसं चारचौघांपासून लांब बसायला आली होती, ती खांद्याला खांदा लावून बसली. पहिल्या दिवशी कुरकुर, तिसऱ्या दिवशी रुमालाची देवाणघेवाण. एक हॉस्पिटलातली नर्सबाई आहे, एक घड्याळं दुरुस्त करणारे काका आहेत. आता ती दोघं मध्यंतरात एकाच पुड्यातले दाणे खातात. मला फार मजा वाटायची.

ताई, इथपर्यंत लिहून मी उठून पाणी पिऊन आले. बाटली शेजारीच होती, तरी उठले.

माझ्या खिडकीवर जाहिरात चिकटवलेली आहे, त्यामुळे मला गिऱ्हाइकांचे फक्त हात दिसतात. सिनेमा लागल्याच्या दुसऱ्या दिवशी एक हात आत आला. म्हातारा, उजवा, तर्जनी अर्धी. पुस्तकबांधणीच्या कटरमध्ये गेलेली अर्धी तर्जनी मी विसरेन का? माझ्या पहिलीच्या वह्या त्याच हातानं शिवलेल्या.

मी विचारलं, "एकच?"

"एकच."

बावीस वर्षांनी एवढंच बोललो. मी मान वर केली नाही. आई अंथरुणाला खिळलेली असताना हा माणूस निघून गेला, तू शिक्षण सोडून माझ्या वेण्या घालत बसलीस, आणि आई गेली त्या दिवशी तू मला शपथ घातलीस की तो आपल्याला मेला. सगळं डोळ्यांसमोर आलं. म्हणून मी सातवी रांग दिली नाही. शेवटच्या रांगेत खांबामागे एक खुर्ची आहे, अर्धा पडदा दिसत नाही, ती आम्ही कधीच विकत नाही. ती दिली. दुसऱ्या दिवशीही दिली. अकरा दिवस दिली, ताई. रोज वाटायचं, आज भांडेल. तो हात तिकीट उचलायचा आणि जायचा.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं. आणि घरी गेल्यावर अन्न गोड लागायचं नाही.

शनिवारी हात आला नाही. रविवारी नाही. काल नर्सबाई खेळाआधी खिडकीशी वाकल्या.

"ते खांबामागचे आजोबा आमच्या वॉर्डात आहेत हो. हृदयाचं दुखणं आहे. मी त्यांना मागे म्हटलं होतं, आजोबा, आमच्या रांगेत या, जागा रिकामी आहे. तर म्हणाले, नको. खिडकीत माझी मुलगी बसते, आवाज थेट तिच्या आईचा आहे. तिनं विचार करून दिली असेल जागा."

मी तिकिटांचा गठ्ठा उगाच सारखा केला.

"फॉर्मवर नातेवाईक म्हणून कोणाचं नाव लिहू विचारलं, तर म्हणतात, विचारून सांगतो. पण विचारायला उठताच येत नाही त्यांना. म्हणून मीच आले. तुमचं लिहू का?"

ताई, मी 'लिहा' म्हटलं. तुझी शपथ मोडली. फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच ठेवून दिला असतास, म्हणून पत्र. मी त्याला माफ केलेलं नाही. करीन का, माहीत नाही. पण खांबामागे बसून तो सिनेमा बघतच नव्हता गं, माझा 'एकच?' ऐकायला येत होता, आणि मी त्याला दुसरा शब्द दिला नाही.

येत्या सोमवारी सकाळी ऑपरेशन आहे. आज खेळ सुटला की सही करायला जाईन. आत गेल्यावर काय हाक मारायची ते अजून ठरत नाही. 'बाबा' तोंडात येतं आणि अडकतं.

फॉर्मवर नातेवाइकांसाठी दोन ओळी आहेत म्हणे. तू रागावशील तर तो तुझा हक्क आहे, माझ्यासाठी तू जे सोसलंस ते मी विसरलेली नाही. म्हणून दुसऱ्या ओळीवर मी तुझं नाव सांगितलं नाही. तुला विचारल्याशिवाय नाही.

म्हणून विचारते आहे.

तुझी, आणि कालपासून कागदोपत्री त्यांचीही,
धाकटी