भट्टीची काळी भिंत

दि. ९ नोव्हेंबर, सकाळ
(दुसरा चहा व्हायचाय अजून)

प्रिय काजळ्या,

नमस्कार, तब्येत, गुडघे, नातवंडं सगळ्यांची चौकशी केली असं समज, कारण मला आज दम धरवत नाही. माझी छोटी गाडी धावली! मागच्या खोलीत, चारही भिंतींना धरून, पूर्ण फेरी, एकदाही रुळावरून न घसरता! मी मधोमध उभा राहून एकट्यानेच टाळ्या पिटल्या. वय वर्षे अडुसष्ट.

स्टेशनामागची गल्लीही भरत आलीय. एकेक इमारत एकेका दोस्ताची, हे तुला ठाऊकच आहे. परवा सायकलवाल्याचं दुकान बसवलं. छपराचे पत्रे म्हणजे गोळ्यांच्या पाकिटाची चांदी, पेनच्या टोकाने रेघा दाबून केलेली. आणि गंज विचारू नकोस! तारेची घासणी चार दिवस व्हिनेगरमध्ये बुडवली आणि ते पाणी वर फिरवलं. घरात भांडी घासायला घासणी नव्हती, त्यावरून बोलणी खाल्ली ती वेगळीच.

सायकलवाला बघायला आला, वाकून वाकून पाहिलं आणि फुगून बसला. "माझं छप्पर एवढं सडलेलं नाही हां!" घरी जाऊन शिडी लावली, वर चढला, आणि दुसऱ्याच दिवशी खरं छप्पर हिरवंगार रंगवून घेतलं. आता म्हणतो, मॉडेल बदल. मी सांगितलं, बदलत नाही, तुझं पुन्हा गंजेपर्यंत थांबतो.

कंपाउंडरच्या दवाखान्याची पायरी मात्र सगळ्यांत छान साधलीय. कानसीने मधोमध झिजवली, कारण तीस वर्षं जो तो तिथेच पाय ठेवायचा. तो गेल्याचं तुला कळवलं होतंच. त्याची मुलगी आली, पायरीवरून नख फिरवलं आणि एकदम रडायलाच लागली. मग मीही रडलो.

तू शिकवलेलं विसरलेलो नाही. "आधी पावसाचं पाणी कुठून ओघळतं ते बघ, मग ब्रश उचल." जुनेपणा असा वरून फासता येत नाही, हे तुझ्यामुळे कळलं.

आता खरी बातमी. तुझ्या वडिलांची भट्टी बांधली! एका बिजागरीवर लटकणारं दार आहे, ऐरण आहे, भाता आहे, आणि तू ज्या खिडकीतून त्यांना जेवणाचा डबा द्यायचास तीही आहे. फक्त भट्टीमागची भिंत काही केल्या जमेना. मेणबत्तीची काजळी लावली, कोळशाची पूड लावली, काळा रंग पातळ करून सोडला. लावलेलं ते लावलेलंच दिसायचं. तीनदा भिंत काढली आणि तीनदा नवी केली.

इथे पेन खाली ठेवलं होतं. चहा झाला.

काजळ्या, नऊ वर्षांत तुझी आठ पत्रं आली. रुळांची, इंजिनाची, माझ्या दम्याची चौकशी प्रत्येकात असते. तुझ्या वहिनीची एकातही नसते. मी ते दर वेळी वाचतो आणि उत्तरात पुन्हा रुळांबद्दल लिहितो. आजही तेच करणार होतो.

नऊ वर्षांपूर्वी, आपल्या मॉडेलांच्या प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी तू तुझं मॉडेल माझ्याकडे ठेवून गेलास. हीच भट्टी, तुझ्या हातची. तुम्ही मला चकाचक म्हणता ते काही उगाच नाही. मला वाटलं, आणताना धूळ बसलीय. साबणाचं पाणी घेतलं, जुना टूथब्रश घेतला, फडकं घेतलं आणि ती भिंत लख्ख करून टाकली. मी, मी केली. वहिनी तेव्हा घरातसुद्धा नव्हती.

तू संध्याकाळी आलास आणि मटकन खाली बसलास. खरी भट्टी पाडली त्या दिवशी तिच्या भिंतीची काजळी खरवडून बाटलीत भरली होती, सगळी या एका भिंतीला लावली, असं म्हणालास. माझ्या तोंडातून निघून गेलं, "हिने पुसलं वाटतं, आवरताना." ती चहा घेऊन दारातच उभी होती. माझ्याकडे एकदा पाहिलं तिने, आणि तुला म्हणाली, "चुकलं, भाऊजी."

तू गाव सोडलंस तेव्हा मला मिठी मारलीस आणि तिच्याकडे न बघता गाडीत बसलास. मी हात हलवत राहिलो. घरी आल्यावर ती भांडली असती तर बरं झालं असतं.

मंगळवारी मी चौथ्यांदा भिंत काढत होतो. ती आत गेली, कपाटाच्या तळातून एक कागदी पुडी आणून माझ्यासमोर ठेवली. तेच फडकं! वाळून कडक झालेलं, काळंकुट्ट. मी टाकून दिलं होतं, तिने उचलून ठेवलं होतं. म्हटलं, धुतलं नाहीस? म्हणाली, "त्यांच्या वडिलांचं आहे. धुणार कसं?"

बस, एवढंच बोलली. नऊ वर्षं मी तिच्या जिवावर तुझा मित्र राहिलो, काजळ्या. लाज वाटते. हे वाचून तू माझ्याशी संबंध तोडलास तरी तुझं बरोबरच असेल, पण तिच्याशी ते आता जोड.

भिंत कोरी ठेवलीय. तिला मी हात लावणार नाही. तेवीस तारखेच्या रविवारी सकाळी सगळ्यांसमोर गाडी सोडायची आहे. ती भट्टीसमोर थांबते, मी तिथे मुद्दाम एक थांबा केलाय. तू नसलास तरी थांबेल.

हे पत्र तिला वाचून दाखवायला निघालो होतो. म्हणाली, "आधी त्यांना वाचू दे."

तुझा (म्हणू का, ते तू ठरव),
चकाचक

ता. क. फडकं सोबत पाठवलेलं नाही. ते तिच्याकडे आहे. हवं असेल तर तिच्याकडेच मागावं लागेल.