जावईबापूंनी आपलं घर विकायला काढलं

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? (डॉक्टरकडे गेले नसणार, मला माहीत आहे.) तुझ्या जावईबापूंची प्रकृती ठणठणीत असेलच. ती जराशी बिघडावी असं मला गेले तीन आठवडे मनापासून वाटतं आहे. लगेच रागावू नकोस, आधी पुढे वाच.

तेवीस वर्षं मी घरांची दलाली केली ती चपला झिजवून. वेबसाइट काढायचं ठरल्यावर तूच म्हणालीस, घरात संगणकवाला जावई असताना परक्याला कशाला काम देतोस. दिलं. त्यांनी माझ्या यादीतल्या बेचाळीस जागांसाठी एकच मजकूर लिहिला आणि बेचाळीस वेळा चिकटवला. घर प्रशस्त आणि हवेशीर, दुकानाचा गाळा प्रशस्त आणि हवेशीर, तळघरातलं गोदामसुद्धा प्रशस्त आणि हवेशीर! वर प्रत्येक पानावर ‘स्वस्त घर, उत्तम घर, स्वस्त उत्तम घर’ तीस-तीस वेळा, का तर त्याने साइट शोधात आधी दिसते म्हणे. (मी एक पान मोठ्याने वाचून पाहिलं. दम लागला.) विकून दोन वर्षं झालेली घरंही तशीच ठेवलेली. त्यातल्या एका घराची बेल एका गिऱ्हाइकाने भर दुपारी वाजवली. नव्या मालकाने फोनवर मला जे ऐकवलं ते थोरल्या बहिणीला लिहिण्यासारखं नाही. आणि एवढं करून इंटरनेटवर शोधलं की माझी साइट सातव्या पानावर, एका कुलपांच्या दुकानाच्याही खाली! जावयावर ओरडता येत नाही, म्हणून मी फोन ठेवून उशीत तोंड खुपसून ओरडलो.

मग एक पान एकाएकी सगळ्यांच्या वर आलं. कुठलं? आपल्या राहत्या घराचं! हे गृहस्थ जेवायला आले होते तेव्हा नमुना म्हणून फोटो काढून गेले होते, आणि तुझ्या भावजयीने शेजारी बसून मजकूर सांगितला होता. ‘स्वयंपाकघरात सकाळी दहापर्यंत ऊन असतं. मागचा नळ जरा गळतो. सासूबाईंची चाकांची खुर्ची फिरावी म्हणून सगळे उंबरे काढून टाकले आहेत.’ जावईबापू वर मलाच समजावतात, “मामा, तेवढंच पान खरं लिहिलंय. बाकीच्या पानांवर एकच मजकूर, म्हणून ती मागे पडतात.” हे ज्ञान आधी का नाही झालं?

रविवारी मी तोंडाला साबण लावून दाढी करत होतो, तर एक जोडपं आमचा बोळ टेपने मोजत होतं. दुसऱ्या दिवशी एकाने माझं कपाट उघडून माझेच शर्ट बाजूला सारले. मी एकेकाला हाकलत होतो आणि तुझी भावजय त्यांना परत बोलावून आत नेत होती. नळसुद्धा सोडून दाखवला तिने!

गुरुवारी चौकातल्या चष्म्याच्या दुकानाची मालकीण, ती चष्मेवाली आली, वडिलांना चाकांच्या खुर्चीत बसवून. मी दारातच सांगितलं, बाई, घर विकाऊ नाही, चूक झाली आहे. तिने ऐकलं, पण म्हातारे तोवर चाकं फिरवत आत गेले होते. कुठेही न अडकता, बैठकीतून थेट आईच्या खिडकीपाशी. “इथे मला कोणी उचलायला लागणार नाही,” म्हणाले. चष्मेवाली तिथेच भिंतीला टेकून रडायला लागली. बावीस घरं पाहिली होती तिने. माझा राग असा अर्ध्यावर अडकला की अजून घशात आहे. ते गेल्यावर बायको म्हणाली, “चार खोल्या झाडून माझे गुडघे गेले. आपल्याला दोन पुरतील.” तेवीस वर्षं लोकांच्या बायकांना घराबद्दल विचारलं, स्वतःच्या बायकोला कधी विचारलं नाही. याचाही राग जावईबापूंवरच काढतो आहे, दुसरं कोण आहे?

तुझा,
धाकटा

ता. क. हे पत्र जावईबापूंना दाखवू नकोस. उरलेल्या बेचाळीस जागांचा मजकूर मामी सांगणार आहे, त्यांनी मुकाट्याने टाइप करावा.

दुसरा ता. क. घर आईने आपल्या दोघांच्या नावावर केलं होतं, म्हणजे कागदावर तुझी सही लागेल. मी अजून शब्द दिलेला नाही. तुझं मन होत नसेल तर अजिबात करू नकोस, मी एका अक्षराने विचारणार नाही. फक्त मग त्या म्हाताऱ्यांना तू स्वतः येऊन नाही म्हण. मी दोनदा नाही म्हणायला त्यांच्या दुकानात गेलो होतो, दोन्ही वेळा नवा चष्मा घेऊन परत आलो.