आरशात मी, कॉम्प्युटरवर तुम्ही

कोपर, डोंबिवली
१२ जुलै १९९८

तीर्थरूप बाबांना मंजुळेचा वाकून नमस्कार.

मावशीकडे मी मजेत आहे. गुडघा दुखायचा थांबला का?

कॉम्प्युटर चित्रकलेच्या क्लासात सरांनी आरशात बघून स्वतःचा चेहरा काढायला लावला. माउसने रेघ सरळ येईना. भुवया जुळल्या, ओठांवर मिशी आली. मग एकमेकांच्या चित्रांवर बोलायचं होतं. शेजारची सुलभा म्हणाली, "हे काका एवढे चिडलेत का गं?" सगळे हसले, मीपण हसले.

नंतर नीट पाहिलं, तर तुमच्या मनाविरुद्ध मी या क्लाससाठी निघाले तेव्हा बोटीच्या धक्क्यावर भुवया जुळवून जसे उभे होतात, तसे तुम्हीच! सर म्हणाले, "पुसून पुन्हा काढ." मी नाही पुसलं.

प्रिंट पाठवतेय. आईला विचारा, कोण आहे? तिने ओळखलं आणि तुम्हाला हसू आलं, तर राग गेला असं समजू ना?

तुमचीच,
मंजुळा